विच हेझलची फुले कमी का झाली?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने चार वर्षांपूर्वी ‘पॅलिडा’ जातीचे विच हेझल हे हिवाळ्यात फुलणारे झुडूप बागेच्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या लाकडी कुंपणाशी लावले. पहिले दोन हिवाळे ते जानेवारीत पिवळ्या फुलांनी भरून गेले. त्यानंतर फुले कमी होत गेली, ऑगस्टमध्ये पानांच्या कडा करपू लागल्या, आणि यंदा तर काही उंच, सरळ फांद्यांवर नोव्हेंबरमध्येच बारीक फुले दिसली. झुडूप फार पसरले म्हणून यजमानांनी सप्टेंबरमध्ये कुंपण छाटायच्या यंत्राने त्याला गोल आकार दिला होता. थंडीने कळ्या मेल्या असतील का, खत वाढवावे का, छाटणी कशी करावी, आणि आईसाठी महाबळेश्वरच्या घरी एखादे रोप नेता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

थंडीला दोष देण्याचे कारण नाही, हे आधी सांगतो. विच हेझलच्या फुलाला फितीसारख्या चार अरुंद पाकळ्या असतात. पारा गोठणबिंदूखाली गेला की त्या गुंडाळल्या जातात आणि दुपारी ऊन पडले की पुन्हा उलगडतात. हा खेळ एका हिवाळ्यात अनेकदा होतो आणि त्यात फूल सहसा मरत नाही. दक्षिण इंग्लंडमधला हिवाळा या झुडपाच्या दृष्टीने सौम्यच म्हणायचा. तुमच्या झुडपाचे जे बिघडले ते जानेवारीत बिघडलेले नाही. ते जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत बिघडले, आणि तुमच्या वर्णनात त्याची तीन वेगवेगळी कारणे मला दिसतात.

नोव्हेंबरमधल्या फुलांपासून सुरुवात करू, कारण माझ्या मते तीच सर्वांत तातडीची बाब आहे. ती फुले ‘पॅलिडा’ची नाहीतच. बाजारात मिळणारी बहुतेक सगळी नामांकित विच हेझल कलमी असतात आणि त्यांच्याखालचा खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात तो मुळांकडचा भाग, बहुधा हॅमामेलिस व्हर्जिनियाना या उत्तर अमेरिकी जातीचा असतो. ही जात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुलते आणि तिची फुले लहान असतात. माझे बालपण निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागेत गेले, त्यामुळे मला हे प्रकरण नवे वाटले नाही. तिथे थॉमसनच्या वेलीखाली डॉगरिजचा खुंट असतो, तोही मूळचा अमेरिकेचाच, आणि त्याचे फुटवे वेळीच काढले नाहीत तर ते वरच्या वेलीचे अन्न खातात. कोकणातल्या माणसाला हापूसच्या कलमाखालून फुटलेला रायवळ आंबा म्हटले की लगेच समजेल. असा खुंट वरच्या कलमापेक्षा दांडगा असतो. त्याला मोकळे सोडले तर पाचसात वर्षांत ‘पॅलिडा’ मरून जाते, त्या जागी व्हर्जिनियानाचे जोमदार झुडूप उभे राहते, आणि आपल्या झाडाने रंग कसा बदलला याचे मालकाला आश्चर्य वाटत राहते. रोपवाटिकेत काम करताना दरवर्षी अशी दोन-तीन माणसे तरी माझ्याकडे आली आहेत.

तेव्हा या आठवड्यातच, ती फुले फांदीवर आहेत तोवर, त्या प्रत्येक फांदीला रंगीत सुतळी बांधा. पुढे पाने आल्यावर फांद्या ओळखणे कठीण जाते. मग एकेका फांदीचा माग घेत खाली जा. जमिनीपासून काही सेंटिमीटर वर खोडाला एक गाठ किंवा किंचित बाक दिसेल, तो कलमाचा सांधा. सुतळी बांधलेल्या फांद्या त्या सांध्याच्या खालून किंवा थेट मातीतून निघालेल्या असणार. त्यांना जमिनीलगत सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, कापू नका, कारण तिथे उरलेल्या बुडख्यावरचे झोपलेले डोळे जागे होऊन एका फुटव्याचे चार होतात. माती हाताने उकरा, फुटवा जिथे मुळाला किंवा खुंटाला जोडलेला आहे तिथपर्यंत पोहोचा आणि तो खाली ओढून बुंध्यासकट उपटा. पेन्सिलीपेक्षा जाड झालेला फुटवा उपटता येत नाही, तो धारदार सुरीने खुंटाच्या अगदी सालीलगत कापावा. नंतर माती परत लोटा, पण सांधा झाकला जाईल इतकी चढवू नका. पुढच्या वर्षापासून मे-जूनमध्ये एकदा वाकून पाहायची सवय ठेवा, कारण कोवळा फुटवा तेव्हा अंगठ्याने मोडता येतो.

दुसरे कारण सप्टेंबरमधली ती गोलाई. इथे पुन्हा मला द्राक्षाचाच दाखला द्यावासा वाटतो. नाशिकचा शेतकरी एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, नव्या काडीच्या डोळ्यांत उन्हाळ्यातच सूक्ष्म घड तयार होतो, आणि तो डोळ्याबाहेर दिसतो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. जो द्राक्ष खातो त्याला घड थंडीचा वाटतो, पण बागाईतदाराला ठाऊक असते की घडाचा निर्णय मे-जूनमध्येच होऊन गेला होता. विच हेझलचेही तसेच आहे. वसंतात जी नवी वाढ होते तिच्यावर भर उन्हाळ्यात फुलकळ्या बसतात, ऑगस्टअखेर त्या डोळ्यांना दिसू लागतात आणि पुढच्या हिवाळ्यात उमलतात. सप्टेंबरमध्ये फांद्यांची टोके उडवली म्हणजे तयार बहर कचऱ्याच्या पेटीत गेला. यात तुमच्या यजमानांना बोल लावू नका. इंग्लंडमध्ये कुंपणाची झुडपे उन्हाळ्याच्या शेवटी छाटतात, आणि हातात यंत्र असले की माणूस शेजारच्या झुडपावरूनही ते फिरवतो.

विच हेझलची छाटणी फुले गळाल्यानंतर आणि पाने फुटण्याआधी, म्हणजे दक्षिण इंग्लंडच्या हवामानात फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये करावी. खरे तर त्याला छाटणीची गरज फार थोडी आहे. त्याचा मूळ आकार फुलदाणीसारखा वर उघडत जाणारा असतो आणि पसरट होणे हा त्याचा दोष नसून स्वभाव आहे. वाळलेली, एकमेकींवर घासणारी, आत वळलेली फांदी काढावी. आटोपशीर ठेवायचेच असेल तर गेल्या वर्षीची वाढ दोन पानडोळ्यांपर्यंत मागे घ्यावी. इथे डोळे ओळखता आले पाहिजेत. फुलकळ्या गोलसर असतात आणि आखूड देठावर दोन-चारच्या झुबक्याने बसतात, तर पानांचा डोळा एकटा, अरुंद, चपटा आणि टोकदार असतो. हे एकदा नीट पाहिले की पुन्हा विसरत नाही. जुन्या, मनगटाएवढ्या लाकडात मात्र कापू नका, कारण तिथून नवी फूट येण्याची खात्री नसते, आणि खोल छाटणीने खुंटाला फुटवे काढण्याचे निमित्तच मिळते. पंधरा-वीस वर्षांत ‘पॅलिडा’ सुमारे ४ मीटर उंच आणि तितकीच रुंद होते. तेवढी जागा कुंपणाशी नसेल तर हा वाद दरवर्षी होत राहील, हेही लक्षात घ्यावे.

तिसरे कारण पाण्याचे आहे, आणि त्यावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण फुटवे काढले आणि यंत्र आवरले तरी हे सुधारले नाही तर फुले परत येणार नाहीत. ऑगस्टमध्ये करपलेल्या कडा हा रोग नाही, ती तहान आहे. विच हेझल मूळचे जंगलाच्या कडेचे झुडूप. पालापाचोळा कुजून झालेली, ओलसर पण पाणी न साचणारी माती त्याला लागते, आणि त्याची मुळे वरच्या थरातच पसरलेली असतात. दक्षिणाभिमुख कुंपणाशी दिवसभर ऊन लागते, लाकूड तापून उष्णता परत फेकते, आणि वाऱ्याची दिशा प्रतिकूल असली की पायथ्याला पाऊसही पोहोचत नाही. जुलै २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये पहिल्यांदा पारा ४० अंशांच्या वर गेला. त्या ऑगस्टमध्ये माझ्या स्वतःच्या ‘येलेना’ जातीच्या विच हेझलची निम्मी पाने गळाली आणि पुढच्या जानेवारीत फुले जेमतेम हातावर मोजण्याइतकी आली. त्याच वर्षी सावलीच्या बाजूच्या, ओल टिकलेल्या दुसऱ्या झुडपाला नेहमीसारखा बहर होता. दोन्ही झुडपांची खते, माती, वय सारखेच होते.

म्हणून जून ते सप्टेंबर, ज्या आठवड्यात चांगला पाऊस नाही त्या आठवड्यात एकदा दोन बादल्या, म्हणजे साधारण २० लिटर पाणी सावकाश द्या. रोज तांब्याभर शिंपडून काही साधत नाही. त्याने मुळे आणखी वर येतात आणि अधिकच सुकतात. आंब्याच्या कलमाला करतो तसे फांद्यांच्या घेराखाली उथळ आळे करा, म्हणजे पाणी उतारावरून निघून जाणार नाही. ओल आहे की नाही हे ठरवायला बोटभर माती उकरून पाहणे हाच भरवशाचा मार्ग आहे, कारण चिकणमाती वरून भेगाळलेली आणि आतून ओली, किंवा नेमकी उलटी असू शकते.

पाणी कोणते, हेही तुमच्या भागात महत्त्वाचे ठरते. टेम्सच्या खोऱ्यात जमिनीखाली खडू दगड आहे आणि नळाचे पाणी चुन्याने जड असते. चहाच्या किटलीत पांढरा थर बसतो तो त्याचाच. विच हेझलला किंचित आम्लधर्मी माती हवी असते. सामू (पीएच, म्हणजे मातीच्या आम्लतेचा आकडा) ५.५ ते ६.५ च्या दरम्यान असला तर उत्तम, ७ पर्यंत चालून जाते, खोल चिकणमाती खडूवर बसलेली असली तरीही ते जगते. उथळ, पांढऱ्या चुनखडीच्या मातीत मात्र पाने शिरा सोडून पिवळी पडतात आणि झाड खुरटते. तुमच्या पत्रात पाने पिवळी पडल्याचा उल्लेख नाही, त्यामुळे माती बरी असावी असे वाटते. तरी बागेच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या संचाने एकदा सामू तपासा. छपराचे पाणी पन्हाळीतून टाकीत साठवण्याची सोय केली तर या झुडपाला तेच द्या, आणि टाकी रिकामी झाली तर तहानलेले ठेवण्यापेक्षा नळाचे पाणी खुशाल द्या.

आच्छादनाचा उपयोग पाण्याइतकाच आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये माती ओली असताना फांद्यांच्या घेराखाली पालापाचोळ्याचे कुजलेले खत किंवा सालीचा भुसा ५ ते ८ सेंटिमीटर जाडीने पसरा, खोडाभोवती मात्र वीतभर जागा मोकळी ठेवा. त्याच घेरातले गवत काढून टाका. तरुण झुडपाच्या मुळाशी हिरवळ असली तर वाट्याचे पाणी तीच पिते. खत वाढवण्याचा तुमचा विचार मात्र सोडून द्या. नत्र जास्त झाले की लांब, लुसलुशीत काड्या फुटतात आणि कळ्या कमी बसतात. आच्छादन कुजून जे मिळते ते पुरते, आणि फारच अशक्त वाटले तर फेब्रुवारीत मूठभर संतुलित खत पुरे.

झुडूप तिथून हलवावे का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण मनात आले असेल. मी हलवणार नाही. चार वर्षांनी उथळ मुळांचा मोठा भाग तुटतो, कलम दोन-तीन वर्षे रुसून बसते आणि त्या काळात खुंटाला फुटण्याची आयती संधी मिळते. ऊन भरपूर मिळते हे त्या जागेचे चांगले अंगही आहे. दाट सावलीत विच हेझल वाढते, पण विरळ फुलते. कुंपणाच्या उन्हाला उतारा म्हणून पायथ्याशी सावली देणारी छोटी रोपे लावता येतील. हेलेबोर आणि स्नोड्रॉप दोन्ही त्याच सुमारास फुलतात आणि मुळांशी भांडत नाहीत.

एक बारीक गोष्ट राहिली. काही झुडपांवर वाळलेली तपकिरी पाने हिवाळाभर चिकटून राहतात आणि फुले त्यांच्याआड लपतात. ‘डायन’ या तांबड्या जातीत हे पुष्कळदा दिसते, तरुण किंवा उन्हाळ्यात सोसलेल्या रोपांत तर कोणत्याही जातीत. वाट न पाहता डिसेंबरमध्ये ती हाताने खुडून टाकावीत, पण खाली ओढताना कळीही येऊ शकते, म्हणून फांदी दुसऱ्या हाताने धरावी. उन्हाळ्याच्या शेवटी पानांवर पांढरी भुरी दिसली तर औषध फवारण्याची गरज नाही. पाने लवकरच गळणार असतात आणि पाण्याची आबाळ थांबली की भुरीही कमी होते. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पानांवर चेटकिणीच्या टोपीसारखे उभे शंकू आल्याचे सांगितले असेल तर तेही निरुपद्रवी आहेत. तिथल्या एका माव्याची ती घरे असतात. ‘विच’ या शब्दाचा चेटकिणीशी तसा संबंध नाही. तो लवचीक या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आला. या झुडपाच्या बेचक्या फांद्या घेऊन अमेरिकेत भूगर्भातले पाणी शोधणारे फिरत, आपल्याकडचे पाणाडी फिरतात तसेच.

दुसरे झुडूप घ्यायचे झाल्यास जातीविषयी माझे मत स्पष्ट आहे. सुगंध हवा असेल तर पिवळ्याच घ्याव्यात. ‘पॅलिडा’ आणि तिची चिनी पूर्वज हॅमामेलिस मॉलिस यांचा वास थंड, स्थिर हवेत काही पावलांवरून येतो. तांबड्या आणि नारिंगी जाती रंगाने दिपवतात, पण वासात बहुधा कमी पडतात, आणि गडद भिंतीपुढे लावल्या तर दिसतही नाहीत. त्यांच्या मागून हिवाळ्याचे तिरपे ऊन येईल अशी जागा त्यांना द्यावी. ‘येलेना’ तांबूस नारिंगी आहे. ती आणि ‘डायन’ या दोन्ही जाती बेल्जियममधल्या कालम्ताउट इथल्या वृक्षोद्यानातून आल्या, आणि ते उद्यान सांभाळणाऱ्या डी बेल्डर कुटुंबातल्या पत्नीचे व मुलीचे नाव त्यांना मिळाले. उशिरा, फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलणारी हवी असेल तर ‘अर्नोल्ड प्रॉमिस’ पाहा; बोस्टनच्या अर्नोल्ड वृक्षोद्यानात १९२८ मध्ये गोळा केलेल्या बियांतून ती निघाली आणि १९६३ मध्ये बाजारात आली. निवड करण्याआधी जानेवारीत रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या विझ्ली इथल्या उद्यानात एक चक्कर मारा. तुमची ‘पॅलिडा’ मूळची तिथलीच, आणि फुलाचा रंग छायाचित्रावरून कधीच कळत नाही. खरेदी करताना सांधा नीट पाहावा आणि खालून फुटवे आलेले रोप घेऊ नये.

फांदी लावून स्वतः रोप करण्याचा मोह मात्र आवरा. उन्हाळ्याच्या आरंभी कोवळ्या काडीला मुळे फुटतात, पण पहिल्याच हिवाळ्यात ती बहुधा दगावते. बी पेरले तर आधी ऊब आणि मग थंडी अशा दोन अवस्थांतून गेल्याखेरीज ते रुजत नाही, त्यामुळे अंकुर साधारणपणे दुसऱ्या वसंतात दिसतो, आणि तो आईसारखा निघेलच असे नाही. कलमे महाग असतात ती या कारणांनी.

आता आईंच्या रोपाविषयी. महाबळेश्वरला विच हेझल होणार नाही. वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठल्याची बातमी येते, पण या झुडपाला एका पहाटेची नव्हे, सलग काही महिन्यांची थंडी लागते, तेव्हा कुठे डोळ्यांची झोप पुरी होते. त्यात तिथला चार महिन्यांचा मुसळधार पाऊस नेमका कळ्या बसण्याच्या हंगामात मुळे कुजवील. शिवाय परदेशातून जिवंत रोप भारतात आणायला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते, सामानात घालून नेण्याची ती वस्तू नाही. भारतात या कुळातले झुडूप पाहायचेच असेल तर काश्मीर आणि हिमाचलच्या डोंगरांत पॅरोशिऑप्सिस आढळते. त्याच्या लवचीक फांद्यांच्या टोपल्या विणतात.

पण आईंना या झाडाची ओळख अगदीच नाही असेही नाही. होमिओपॅथीच्या दुकानात मिळणारे ‘हॅमामेलिस’ म्हणजे तुमच्या झुडपाखालचा तो खुंटच, व्हर्जिनियाना. पॉन्ड्स हे घराघरातले नावही थेरॉन पॉन्ड यांनी १८४६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात काढलेल्या विच हेझलच्या अर्कापासून सुरू झाले. आणखी एक धागा मला स्वतःला फार आवडतो. चिनी विच हेझल युरोपात पाठवले ते चार्ल्स मरीझ या इंग्रज रोपसंग्राहकाने, १८७९ मध्ये. लंडनजवळच्या व्हिच कंपनीच्या रोपवाटिकेत ते सुमारे वीस वर्षे कोणाच्या लक्षात न येता पडून होते. अखेर लंडनमधल्या क्यू इथल्या वनस्पती उद्यानाचे जॉर्ज निकल्सन यांनी ते वेगळे आणि फार मोलाचे झाड असल्याचे ओळखले. मधल्या काळात मरीझ भारतात आले, दरभंग्याच्या महाराजांच्या बागा पाहू लागले, तिथे आंब्याच्या जातींचा अभ्यास केला आणि पुढे ग्वाल्हेरला शिंद्यांच्या बागांचे प्रमुख झाले. आज तुमच्या कुंपणाशी जे उभे आहे त्याचा एक पूर्वज या माणसाच्या हातून आला.

कामाचा क्रम असा ठेवा: फुटवे याच आठवड्यात, वाळकी पाने डिसेंबरात, आच्छादन फेब्रुवारीत, आणि यंदा सिकेटर अजिबात नाही, कारण सप्टेंबरात पुरेसे कापून झाले आहे. या जानेवारीत बहर विरळच असेल. तो आता दुरुस्त होण्यासारखा नाही. पुढच्या ऑगस्टअखेर नव्या काड्यांवर गोलसर झुबके दिसतात का ते पाहा आणि दिसले नाहीत तर पाण्याचा हिशेब मला लिहून कळवा.